सणाला ठेवलेली मशीन

बाबा, मागच्या रविवारी मी तुमची शिवणाची मशीन चर्चमध्ये नेली. तुमची म्हणजे ती पहिली, लाकडी झाकणाची काळी हातमशीन नव्हे. ती केव्हाच गेली आणि कशी गेली ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. ही दुसरी, मी घेतलेली पायमशीन. हिला तुम्ही शेवटपर्यंत ‘बाईची मशीन’, म्हणजे माझी, म्हणत राहिलात, त्यामुळे तुमची म्हणताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. हंगामाचा सण होता. रिक्षावाल्यानं आणि शेजारच्यांच्या जावयानं मिळून ती उचलली, आणि मी मागून ‘चाक धरा, पाय सांभाळा, दाराला घासेल’ अशा सूचना देत गेले. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन मला कितीतरी वर्षं झाली, पण सूचना देण्याचं काम काही सुटलेलं नाही. गल्लीतली कुत्रीसुद्धा मला पाहून ओळीत बसतात, असं सूनबाई म्हणते. चर्चमध्ये काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे. पण ते सांगायचं तर आधी पहिल्या मशीनपर्यंत जावं लागेल, आणि तिकडं जायचं मी आजवर टाळत आले.

आपली खोली मिशनच्या कंपाउंडच्या अगदी कडेला होती, चिंचेखाली. साहेबांचा बंगला, दवाखाना, शाळा, मुलींचं बोर्डिंग, चर्च, मग कामकऱ्यांच्या खोल्या आणि त्यात शेवटची आपली. एकाच खोलीत चूल आणि त्याच खोलीत दुकान. माय चुलीपाशी भाकर थापते आहे, तुम्ही दाराच्या उजेडात पाटावर मशीन मांडून बसला आहात आणि मी मशीनचं हँडल फिरवते आहे. हँडल मी फिरवलं की तुमचे दोन्ही हात कापडाला मोकळे. बोर्डिंगच्या मुलींची झंपरं, दवाखान्याच्या चादरी, सणासुदीला गावातल्या लेकरांची अंगडी, सगळं त्या एका मशीनवर व्हायचं. मला जोरात फिरवायला आवडे. तुम्ही म्हणायचात, “हळू. मी सांगीन तवा थांबजो.” आणि थांब म्हटलं की न थांबणं हा तर माझा जन्मजात गुण. एकदा अशीच फिरवत राहिले आणि सुई तुमच्या बोटात गेली. तुम्ही ओरडला नाहीत. बोट तोंडात धरलं, रॉकेलात भिजवलेली चिंधी त्याला गुंडाळली आणि म्हणालात, “तू फकस्त फिरव. कपडा कोनीकडे न्यायचा ते मी पाहतो.” मग स्वतःशीच हसलात. “माह्यं बी तसंच हाये बाई. मी फिरवतो, कपडा तो सरकवते.” तो म्हणजे कोण, हे आपल्या घरात विचारावं लागत नसे. मला ते फार आवडलं होतं तेव्हा. नंतर याच वाक्यावरून मी मनातल्या मनात तुमच्याशी वर्षानुवर्षं भांडले.

ज्वारीची मळणी झाली की हंगामाचा सण यायचा. ज्यानं त्यानं आपल्या पिकातलं पहिलं आणायचं, चर्चमध्ये समोर ठेवायचं, आणि उपासना झाली की बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव व्हायचा. आलेला पैसा मंडळीच्या कामाला. लिलाव म्हणजे कंपाउंडची जत्राच. कोणी कोहळं घेतलं की लगेच ते परत दान करायचं, मग तेच कोहळं पुन्हा लिलावात, असं एकच कोहळं ऊन उतरेपर्यंत या हातातून त्या हातात फिरायचं. गावातले शेतकरी आणि बाजारातले दुकानदारही हौसेनं यायचे. मिशनच्या कोंबड्या गुणाच्या असतात असा त्यांचा समज होता. आपल्याला शेत नव्हतं. तुम्ही दरवर्षी उरल्यासुरल्या तुकड्यांतून दोन अंगडी शिवायचात आणि ज्वारीच्या पोत्यांमागं, जवळजवळ लपवूनच, ठेवायचात. त्या वर्षी आदल्या रविवारी पाळकसाहेबांनी सांगितलं, पीक तर सगळेच आणतात. ज्याच्यानं जे सोडवत नाही ते त्यानं आणावं, परमेश्वरापुढं ठेवावं, हे तुझं आहे असं म्हणावं, आणि मग त्याच्या हातून मागून घेतल्यासारखं ते परत घरी न्यावं. आयुष्याचा ताबा त्याला द्यायचा म्हणजे असा द्यायचा. मी मायजवळ बायकांच्या बाजूला बसले होते. तिथून मला तुमचा उजवा हात दिसत होता. तो मांडीवर हळूहळू गोल फिरत होता, हँडलवर असल्यासारखा.

सणाच्या सकाळी तुम्ही मशीन धुतलेल्या धोतरात गुंडाळली आणि खांद्यावर घेतली. माय म्हणाली, “समदी मशीन नेता?” तुम्ही म्हणालात, “मग काय अर्धी नेऊ?” समोर सुतारांनी आपला रंधा ठेवला होता, शाळेच्या मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ. तुम्ही त्यांच्या शेजारी मशीन ठेवलीत आणि इतका वेळ डोळे मिटून उभे राहिलात की मागच्या माणसाला खाकरावं लागलं. उपासना संपली. सुतार पुढं गेले आणि रंधा घेऊन आले. मास्तरांनी घड्याळ बांधलं. तुम्ही मात्र जागचे हलला नाहीत, कारण पाळकसाहेब ‘मागून घेतल्यासारखं’ म्हणाले होते आणि तुम्हाला मशीन त्यांच्या हातून मागून घ्यायची होती. सांगितलेलं अक्षरशः करायचं, हा तुमचा स्वभाव. पाळकसाहेब पाहुण्यांना भेटायला बाहेर गेले होते. तेवढ्यात लिलावाची माणसं आली आणि समोरचं सगळं उचलून लिंबाखाली घेऊन गेली. ज्वारी गेली, कापसाची गाठोडी गेली, अंडी, कोहळी, आणि त्यांच्याबरोबर मशीनही गेली.

लिलाव पुकारणारे पंच म्हणजे बोर्डिंगचे कारभारी. आवाज खणखणीत आणि मनानं लोण्यासारखे मऊ. त्यांनी मशीनवरचं धोतर काढलं आणि तुमच्याकडं पाहिलं. तुम्ही तोंड उघडलंत. मी पाहिलं आहे, बाबा. ओठ उघडले, मान पुढं आली, शब्द अगदी दाताशी आला होता. पण पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते लोकांकडं वळून म्हणाले, “पाहा हो. शेतवाल्यायनं पोतं आणलं. ज्याच्यापाशी शेत नाही त्यानं आपलं पोट आणून ठेवलं.” बायकांत कोणीतरी पदर डोळ्यांना लावला. आणि तुमचं तोंड मिटलं. बोली सुरू झाली. मी तुमचा सदरा ओढत होते, “बाबा, सांगा ना. सांगा ना त्याइले, ते लिलावाची नाही म्हणून.” तुम्ही माझी बोटं सदऱ्यापासून सोडवलीत आणि जन्मात पहिल्यांदा मला दटावलंत, “गप. दिलं म्हंजे दिलं.” धामणगाव बढेच्या बाजारात बसणाऱ्या एका शिंप्यानं ती घेतली. त्यानं कोहळ्यासारखी ती परत दान केली नाही. त्याला मशीन हवी होती, आणि त्यात त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

त्या दिवशी मायच्या भाकरी जाड झाल्या. तोंडानं बोलले ते मोठेबाबा. तुमचे हे चुलतभाऊ थोड्याच वर्षांमागं बौद्ध झाले होते आणि तेव्हापासून त्यांची मान अशी काही ताठ झाली होती की मी त्यांच्याकडं बघतच राहायची. ते मुद्दाम गावाहून आले, दारातच उभे राहिले. “काऊन रे, तोंड नव्हतं तुले? आपल्या बापजाद्यायनं पिढ्यान् पिढ्या मुकाट्यानंच देल्लं. कोनी मांगतलं तरी देल्लं, नाही मांगतलं तरी देल्लं. त्यातून निंगासाठीच तुह्या बापानं येशू धरला अन् म्या बुद्ध धरला. अन् तू अजून तेच करून राह्यला?” तुम्ही त्यांना आत बसवलंत आणि गुळाचा चहा दिलात. मला मोठेबाबांचं शंभर टक्के पटलं. खरं सांगायचं तर आजही पुष्कळसं पटतं. गप्प बसणाऱ्याला लोक देवमाणूस म्हणतात, कारण त्यात लोकांची सोय असते.

तुम्हाला ठाऊक होतं, त्या मशीनवर माझं सगळं अवलंबून होतं. मी सातवीत होते. पास झाले की बोर्डिंगच्या हायस्कुलात जायचं, तुम्ही बोर्डिंगचे कपडे शिवायचे आणि त्यात माझा खर्च भागायचा, असं बंगल्यावरच्या मडमनं ठरवून दिलं होतं. मशीन गेली तसं ते ठरवलेलंही गेलं. तुम्ही बंगल्यावर जाऊन झालेली चूक नुसती सांगितली असती तरी काहीतरी मार्ग निघाला असता. तुम्ही गेला नाहीत. हातसुई घेऊन गोधड्या शिवत बसलात. मी पास झाले, पहिल्या नंबरानं झाले, आणि शाळा उघडली तेव्हा मायबरोबर शेतात निंदायला गेले. दिवाळीनंतर कापूस वेचायला गेले. माझ्या मैत्रिणी बोर्डिंगच्या पांढऱ्या झंपरांत रस्त्यानं जाताना दिसल्या की मी ओळीत खाली वाकायची. बोंडाची टोकं बोटांना लागायची. प्रत्येक बोंडाला मी मनात तुमचेच शब्द ऐकवायची, दिलं म्हंजे दिलं. त्या कपाशीतच मी ठरवून टाकलं, आपलं काही म्हणून कोणापुढं ठेवायचं नाही. देवापुढं तर नाहीच नाही.

आणि मग तो धामणगावचा बाजार. याच्याबद्दल आपण दोघं पुढं कधीही बोललो नाही. त्याच हिवाळ्यात तुम्ही गोधड्या विकायला निघालात आणि ओझं धरायला मला बरोबर घेतलंत. कापडाच्या रांगेत तो शिंपी बसला होता, पुढं आपली मशीन, आणि तिला शिव्या घालत होता, कारण ती टाका सोडत होती. तुम्हाला पाहून तो उठलाच. “या मास्तर. तुमची मशीन माह्यावर रुसली हाये.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “मले मागून समजलं. तुमच्या सुतारानं सांगतलं का तुम्ही ते लिलावात ठेवलीच नव्हती. तवाच काऊन नाही बोलले? न्या तुमची मशीन. पैशाचं मग पाहू, कुठं पळून चालले तुम्ही.” बाबा, त्या क्षणी माझ्या छातीत जे झालं ते नंतर माझ्या लग्नात झालं नाही की नोकरीचा हुकूम हातात आला तेव्हा झालं नाही. तुम्ही खाली बसलात. मशीन जवळ ओढलीत, सुईखालची पट्टी काढलीत, आत अडकलेला कापसाचा गोळा चिमटीनं बाहेर काढलात, तेल घातलंत. मग माझ्याकडं न बघताच म्हणालात, “फिरव.” मी फिरवलं. हळू फिरवलं. तुम्ही थांब म्हणालात तिथं थांबले. जन्मात एवढी आज्ञाधारक मी कधी झाले नसेन, कारण मला वाटत होतं, आता ही घरी चालली.

टाका सुरेख आला. तुम्ही त्यावर अंगठा फिरवलात आणि मशीन दोन्ही हातांनी त्याच्याकडं सरकवलीत. “राहू द्या,” तुम्ही म्हणालात. “त्या दिशी मी भिडेखातर गप्प राह्यलो. लोक पाहून राह्यले व्हते. ते काही देनं नव्हतं. तवापासून रोज मनातल्या मनात तुमच्यापासून वापस मांगून राह्यलो व्हतो. आता नाही मांगत. आज देतो.” शिंप्याला काय कळलं असेल कोण जाणे, त्यानं फक्त हात जोडले. येताना तुम्ही गुणगुणत होतात, खांदे सैल सोडून, वर्षभराचं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसे. मी मुद्दाम मागं राहून चालत होते. भिडेखातर गेलेली मशीन मी तुम्हाला एक वेळ माफ केली असती. हातात आलेली मशीन परत सरकवलीत, ती नाही केली. तुम्ही देवाला काय दिलं ते तुम्ही जाणा. माझ्या दृष्टीनं तुम्ही माझी शाळा त्या बाजारात ठेवून आलात, आणि वर गाणं म्हणत आलात.

पुढच्या जूनमध्ये बोर्डिंगनं मला झाडलोटीच्या बोलीवर घेतलं. तुम्ही म्हणालात, प्रभूनं वाट काढली. मी म्हणाले, झाडू माझ्या हातात आहे, त्याच्या नाही. तुम्ही वाईट वाटून घेतलं नाहीत, एवढंच म्हणालात, “तुले बी त्याच्याच हाती देल्ली हाये म्या.” मी म्हणाले, “मी काही मशीन नाही.” मायनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. तेव्हापासून मी माझ्या आयुष्याला हात लावू दिला नाही, ना तुम्हाला, ना देवाला. मास्तरकीचं ट्रेनिंग मी मिळवलं. वरवट बकालच्या शाळेत पहिली नेमणूक झाली ती माझ्या गुणांवर झाली. नवरा मी पाहिला, त्याची बदली मी करून आणली, पोरं कोणत्या शाळेत जातील, काय शिकतील, कोणाशी बोलतील, सगळं मी. गरीब बिचारा तुमचा जावई. आज कोणती भाजी आवडते आहे हेसुद्धा तो मला विचारून सांगायचा.

पहिल्या पगारांतून साठवून मी ही पायमशीन घेतली आणि बैलगाडीत घालून तुमच्या दारी आणली. आता स्वतःशी खोटं बोलण्यात अर्थ नाही, त्यात प्रेमापेक्षा जास्त जिंकणं होतं. तुम्ही हात पुसलेत, मशीनवर दोन्ही तळवे ठेवलेत, डोळे मिटलेत आणि म्हणू लागलात, “देवबापा, ही बी तुहीच...” मी तिथंच तोडलं. “नाही बाबा. ही त्याची नाही. ही माझ्या पगाराची आहे, माझी आहे. सणाला नेलीत तर याद राखा.” गाडीवान ऐकत होता, माय ऐकत होती. तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं आता काहीतरी बोलाल. तुम्ही मान हलवलीत, “हाव बाई. तुहीच.” आणि त्यानंतर मी जेव्हा जेव्हा सुट्टीत घरी यायची, तेव्हा तेव्हा तुम्ही मशीनवरचं कापड काढण्याआधी मला विचारायचात, “बाई, तुह्या मशीनवर जरासा शिवू का?” पहिल्यांदा मला वाटलं, टोमणा मारताय. पण तुम्हाला टोमणा कुठं मारता यायचा? तुम्ही खरंच विचारत होतात. दुसऱ्याची वस्तू वापरायची ती विचारून वापरायची, एवढंच. ती पहिली मशीनही तुम्ही जन्मभर अशीच कोणाची तरी मागून आणलेली समजून वापरत होतात, म्हणून तर ती एवढी स्वच्छ असायची. हे मला कळलं तेव्हा तुम्ही नव्हता. प्रत्येक वेळी मी ऐटीत म्हणायची, शिवा. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, बाबा, विचारता काय, तुमचीच आहे. तेवढे दोन शब्द माझ्याच्यानं निघाले नाहीत.

तुमच्या शेवटच्या आजारात तुम्हाला चिंचेखालच्या खोलीत राहायचं होतं. मंडळीतली माणसं येऊन बसायची, प्रार्थना करायची, माय कण्या करून घालायची, तुम्ही शांत होतात. डॉक्टरही म्हणाले होते, आता हलवून काही हाती लागायचं नाही. मी हलवलं. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, औषधांच्या वेळा भिंतीवर लावल्या, नर्सला दोनदा झापलं, भेटायला आलेल्यांना दारातून परत पाठवलं. तुम्ही माझा हात हातात घेऊन माझी बोटं एकेक करून सरळ केलीत, अगदी सदऱ्यापासून सोडवली होती तशी, आणि म्हणालात, “हात दुखत नाहीत का वं बाई तुहे? येवढं धरून ठेवून?” मी म्हणाले, “तुम्ही आधी गोळी घ्या.” दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात तेव्हा मी खालच्या मजल्यावर होते, खिडकीजवळची खाट मिळावी म्हणून भांडत होते. खाट मिळाली. मी ती मिळवलीच. वर आले तर चादर तोंडावर ओढलेली होती.

आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी झाले आहे. माझा विश्वास आहे का, असं तुम्ही विचाराल. आहे. चर्च चुकवत नाही, प्रार्थना चुकवत नाही. फक्त माझी प्रार्थना म्हणजे शाळेच्या शिपायाला दिलेलं काम असतं, अमुक कर, अमुक वेळेत कर आणि झालं की मला येऊन सांग. गेल्या पावसाळ्यापासून गुडघ्यांनी संप केला आहे, तुमच्यामागं घरी आणलेल्या या मशीनवर बसता येत नाही, ती नुसती धूळ खात होती. सण जवळ आला तसं मनात आलं, आता तरी द्यावी. चुकून जायला नको, नीट सांगून सवरून द्यावी. पंचाला, तो माझाच जुना विद्यार्थी, मी बजावलं की ही लिलावाची आहे, परत न्यायला ठेवलेली नाही. तो म्हणाला, “हाव बाई.” मी समोर उभी राहिले आणि डोळे मिटून म्हणाले, ही तुझी. खरंच म्हणाले, बाबा. त्या वेळी ते खरं होतं.

लिंबाचं झाड आता नाही, तिथं पत्र्याचा मांडव असतो. मशीन निघाली तशी चर्चच्या चौकीदाराची सून पुढं आली. शिवण शिकलेली पोरगी, स्वतःची मशीन नाही, दुसऱ्यांच्या दुकानात रोजानं शिवते. तिनं भीतभीत बोली लावली. दुसऱ्या कोणी वाढवली तर ती नवऱ्याकडं बघायची, तो मान हलवायचा, मग ती पुन्हा बोलायची. बाकीचे समजून मागं सरले. सगळ्यांनाच वाटत होतं की मशीन तिला जावी, आणि मलाही तेच वाटत होतं, यापेक्षा चांगलं घर मशीनला कुठं मिळणार होतं? पंच म्हणाला, एक वार. त्या पोरीनं मशीनच्या कडेवर हात ठेवला, आपलीच असल्यासारखा. आणि बाबा, माझं तोंड उघडलं. तुमचं उघडलं होतं तसंच. तुम्ही तुमचं मिटलं होतं. माझ्या तोंडातून बोली बाहेर पडली. लोक हसले, त्यांना वाटलं बाई दान वाढवताहेत. तिनं एकदा पुढं नेली. मी तिच्याही पुढं नेली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, त्यानं मान हलवली नाही. मशीन माझी झाली. टाळ्या वाजल्या. मग सगळे थांबले, कारण रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. घेणारा लगेच परत दान करतो. पंच माझ्याकडं बघत उभा होता, ती पोरगीही. मी रिक्षावाल्याला हाक मारली.

मशीन रिक्षात चढवायला तीच आली. “बरं केलं बाई,” ती म्हणाली, “बाबाची याद हाये, घरीच पाह्यजे ते.” तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. मग चाकाला लागलेली माती पदरानं पुसत म्हणाली, “कधीमधी येऊन तुमच्या मशीनवर जरासं शिवू का?” मी तिच्याकडं बघू शकले नाही. म्हणाले, पाहू.

इतकी वर्षं मला तुम्हाला विचारायचं होतं की त्या दिवशी लिंबाखाली तुम्ही तोंड का मिटलंत. ते तर तुम्ही धामणगावात सांगूनच टाकलं होतं, मी फक्त ऐकलं नव्हतं. आता विचारायचं आहे ते त्या बाजाराचंच. टाका सुरेख आला होता, मशीन मांडीशी होती, तो माणूस न्या म्हणत होता, तुमची पोरगी आशेनं बघत होती. तेव्हा तुमचे हात सुटले कसे? माझी शाळा दिसत होती तुम्हाला, हे आता मला कळतं. ती दिसत असताना तुम्ही मशीन सरकवलीत. मी तर कोपऱ्यात धूळ खाणारी एक वस्तू सोडू शकले नाही, आणि तुमच्यावर रागावण्यात मी सगळं आयुष्य घालवलं.

हे पत्र धाडायला पत्ता नाही. असता तरी मी ते आधी तीनदा तपासून, मगच तुमच्या हाती पडू दिलं असतं. काल त्या पोरीचा निरोप आला, येऊ का म्हणून. मशीनवरचं कापड मी काढून ठेवलं आहे, तेलही घातलं आहे. ये, असा उलट निरोप मात्र अजून पाठवलेला नाही.